तारीख चुकवू नको

"नोडु कंदा, नोडु." बघ बाळा, बघ. एवढं म्हणून अक्का एकदम गप्प व्हायच्या. कमरेला खोचलेला लाल लोकरीचा गोंडा काढायच्या, बाळाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धरायच्या आणि घड्याळाचा मिनिटकाटा सरकावा इतक्या सावकाश एका बाजूला न्यायच्या. त्या वेळी खोलीत कुणी खोकलेलंसुद्धा त्यांना चालायचं नाही.

"आवाज झाला की पोर कानानं वळतं, आणि आपण समजतो डोळ्यानं बघितलं," त्या म्हणायच्या. "स्वतःला फसवायला लई वाटा आहेत, तम्मा."

बाळाची नजर गोंड्यामागून गेली तरी, आणि नाही गेली तरी, त्यांचा चेहरा तसाच असायचा. गोंडा परत कमरेला खोचून त्या आईकडे वळत. "भय वाटतंय? इरली. तारीख चुकवू नको." इरली म्हणजे असू दे.

तुम्ही कधी ना कधी दवाखान्याच्या बाकावर बसला असाल. तिथली माणसं पहिल्यांदा काय म्हणतात, आठवून पाहा. "घाबरू नका." अक्कांच्या तोंडून हे वाक्य मी कधीच ऐकलं नाही. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मीच ते एका आईला म्हणालो, तर अक्कांनी मला बाहेरच्या व्हरांड्यात नेलं.

"घाबरू नको म्हणालास, आता ती घरी जाऊन निवांत बसेल. घाबरलेली आई तारखेला येते. तिला द्यायला तुझ्याकडं दुसरं काय आहे? नाही ना? मग तिचं भय तरी काढून घेऊ नको."

मी निपाणीचा. आई विड्या वळायची, वडील तंबाखूच्या वखारीत कामाला. घरातला पहिला पदवीधर मी, तीही दोन वर्षं वाया घालवून मिळवलेली पदवी. मास्तरांनी वह्या दिल्या, एका दूरच्या मामांनी म्हैसूरला राहायला जागा दिली आणि शहरातल्या एका इस्पितळाने नोकरी दिली. या तिघांचे उपकार मी अजून विसरलेलो नाही. इस्पितळात दीड किलोच्या आत वजन घेऊन जन्मलेल्या मुलांसाठी एक खोली होती. अशी मुलं काचेच्या पेटीतून जगून घरी गेली म्हणजे काम संपलं असं लोकांना वाटतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. डोळे, कान, डोक्याचा घेर, मान कधी धरली, बसलं कधी, बोललं कधी, हे सगळं शाळेत जाईपर्यंत, कधी त्यानंतरही, बघत राहावं लागतं. मी त्या खोलीचा कारकून आणि समजावून सांगणारा, दोन्ही होतो. कार्डावर पुढची तारीख लिहायची, आईवडिलांना समजावायची आणि जे येणार नाहीत त्यांना पोस्टकार्ड टाकायचं.

अक्का त्या खोलीच्या सिस्टर. राहायला लष्कर मोहल्ल्यात, एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते म्हणे. "घोडे गेले, तलवारी गेल्या. राहिलं एक खोगीर आणि ही भाषा," त्या सांगायच्या. "खोगीर उंदरांनी खाल्लं. भाषा अर्धी कन्नडनं खाल्ली." माझं मराठी ऐकून त्यांना हसू यायचं. "पुस्तकातून बोलतोयस काय रे?" खूश असल्या की मी तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. रागावल्या की मी ग्रॅज्युएट.

तो लाल गोंडा त्या दर शनिवारी साबणाने धुवायच्या आणि खिडकीच्या गजाला वाळत बांधायच्या. शनिवारी इस्पितळाच्या आवारातून वर पाहिलं की तो दिसायचा.

या खोलीतली एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. जे मूल नऊ आठवडे आधी जन्मलं, त्याची प्रगती जन्मतारखेपासून मोजत नाहीत. ते ज्या दिवशी जन्मायला हवं होतं, त्या दिवसापासून मोजतात. शेजारणीचं सहा महिन्यांचं पोर बसतं आणि आपलं त्याच वयाचं बसत नाही, म्हणून आया रडत यायच्या. अक्का त्यांना बोटांवर मोजायला लावायच्या. "पोटात राहायचं राहिलं ते वजा कर. किती उरलं? चार. चार महिन्यांचं मूल बसतं काय?" आई हिशेब करायची, आणि रडणं थांबायचं.

मला ही रीत फार आवडली. फार म्हणजे फारच. माझीही दोन वर्षं कुणीतरी अशी वजा करून द्यावीत असं मला वाटायचं. मी एक मोठा तक्ता तयार केला, रंगीत खडूंनी रेघा मारल्या आणि भिंतीवर लावला. कुठल्याही बाळाचं वय विचारा, मी आधी वजाबाकी करायचो.

आणि तिथेच चुकलो.

अक्का भाच्याच्या लग्नाला तीन दिवस रजेवर होत्या. त्या दिवसांत सरगूरचं एक बाळ घरी गेलं. बाराशे ग्रॅम वजनाने, नऊ आठवडे आधी जन्मलेली मुलगी. अजून नाव ठेवलं नव्हतं. कार्डावर आईचं नाव आणि पुढे नुसतं 'बाळ'. डोळ्यांचे डॉक्टर त्या आठवड्यात गावाला गेले होते, म्हणून वॉर्डातल्या कागदावर लिहिलं होतं : डोळे तपासणी, एक महिना झाल्यावर. मी माझ्या तक्त्यापुढे उभा राहिलो, नऊ आठवडे वजा केले आणि तारीख लिहिली. अक्षर सुबक काढलं. बाळाच्या आजीला दोनदा वाचून दाखवलं. "याच्या आधी आणायची गरज नाही," हेही वर सांगितलं.

चार आठवड्यांनी, एका सोमवारी सकाळी अक्का कार्डांची पेटी घेऊन बसल्या होत्या. एक कार्ड त्यांनी उजेडाकडे धरलं.

"डोळ्यांची तारीख कुणी लिहिली?"

"मी."

"कुठल्या दिवसापासून मोजलंस?"

मी तक्त्याकडे बोट दाखवलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

डोळ्यांना ही सवलत नसते. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या आतल्या पडद्यावर रक्तवाहिन्या पुरत्या वाढलेल्या नसतात. बाहेर आल्यावर त्या कधीकधी वेड्यावाकड्या वाढतात आणि पडदा ओढून काढतात. बाहेरून काही दिसत नाही. डोळे छान काळेभोर दिसतात. म्हणून जन्मल्यापासून महिना होताच डॉक्टरांनी आत बघायचं असतं. वेळेत सापडलं तर उपाय आहे. काही आठवडे गेले तर जगात कुठेही उपाय नाही. त्या मुलीला सात आठवडे झाले होते. मी लिहिलेली तारीख आणखी दीड महिन्याने होती.

अक्का उठल्या, मोठ्या डॉक्टरांना जाऊन सांगून आल्या. आजच आणा, दुपारी चारपर्यंत डोळ्यांचे डॉक्टर थांबतील, असा निरोप मिळाला. कार्डावर सरगूरच्या एका दुकानाचा फोन होता, तो वाजत राहिला. इस्पितळाची गाडी कुठेतरी गेली होती. "बस मिळेल. चल," अक्का म्हणाल्या.

एच. डी. कोटे या गावी बस बदलली. पुढच्या बसमध्ये बसल्यावर मला राहवेना.

"अक्का, तिला दिसत नसेल काय?"

"माहीत नाही."

"तुम्ही मला शिव्या का देत नाही?"

"शिव्या दिल्या की तुला बरं वाटेल. ते आज नको." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "डोळ्यांचं वेगळं असतं हे तुला मी सांगितलं होतं की नाही, तेच आठवेना. सकाळपासून आठवून बघतेय." थोड्या वेळाने पुन्हा बोलल्या. "तिथं गेल्यावर तू सांगायचं. आधी चूक, मग कारण. कारण आधी सांगितलं की चूक लहान दिसते."

घर दुकानाच्या मागच्या गल्लीत होतं. ओसरीवर आजी नाचणी पाखडत होती. सिस्टरना पाहून तिने सूप खाली ठेवलं आणि पाण्याचा तांब्या आणला. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं.

माझं कन्नड तेव्हा कच्चं होतं. तरी मी सांगितलं. तारीख चुकीची लिहिली, मी लिहिली, डोळे तीन आठवड्यांपूर्वी बघायला हवे होते, आता लगेच न्यायला हवं. का चुकलो ते सांगायला तोंड उघडलं तर आजीने हात वर केला.

"डोळ्यांना काय झालंय?"

"अजून माहीत नाही, अज्जी. बघितलं तर कळेल," अक्का म्हणाल्या.

"शिकलेल्यानं चुकायचं आणि आंधळं कुणी व्हायचं, आमच्या पोरीनं?" तिने हे मला विचारलं नाही. अक्कांना विचारलं. त्यानंतर तिने माझ्याकडे पाहणंच बंद केलं.

अक्का बाळंतिणीच्या खोलीत गेल्या. मी पुरुष, मला आत जाता येत नव्हतं. दाराला जाड पडदा होता, पडद्याखालून धुपाचा धूर येत होता. मी ओसरीच्या खांबाला टेकून उभा राहिलो. आतून अक्कांचा आवाज आला. "नोडु कंदा, नोडु."

मग शांतता.

त्या शांततेत गोंडा सरकत असणार, हे मला माहीत होतं. बाळ बघतंय की नाही, ते मात्र कळायला मार्ग नव्हता. आजी माझ्यासारखीच पडद्याकडे कान लावून उभी होती. गल्लीतून एक सायकल घंटी वाजवत गेली, तेव्हा मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. पुन्हा आवाज. "नोडु कंदा, नोडु." पुन्हा शांतता, आधीपेक्षा लांब. तिसऱ्यांदा नुसतं "नोडु" एवढंच, आणि तेही अगदी हलक्या आवाजात.

पुढे एकदा मी त्यांना त्या दिवसाबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "तेवढ्या वयात पोरानं बघितलं तरी त्यावर भरवसा नसतो आणि नाही बघितलं तरी नसतो. मला ठाऊक होतं की. पण राहवलं नाही. ते बघणं पोरीसाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं."

बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता. "चला, बस पकडू या."

आजी दारात आडवी उभी राहिली. "बाळंतीण तीन महिने उंबरा ओलांडत नाही. मोठ्या नातीच्या वेळी ऐकलं नाही, दीड महिन्याची असताना बाहेर नेली. चौथ्या दिवशी गेली ती. मी माझ्या हातानं पुरलीय तिला. तुम्ही डोळे म्हणता सिस्टर, मला जीव पाहिजे."

मला तर वाटलं, संपलं. आमच्यासारखे लोक अशा वेळी रीत चुकीची आहे म्हणून भाषण देतात. मीही दिलं असतं. अक्का ओसरीवर खाली बसल्या, आजीचं सूप पुढे ओढलं आणि त्यातले नाचणीचे तीन दाणे बोटाने बाजूला काढले.

"तीन महिने कधीपासून धरता, अज्जी?"

"बाळंत झाल्यापासून. आणखी कधीपासून?"

"आणि बाळंत कधी व्हायला पाहिजे होती?"

आजीने मनाशी मोजलं. "पुढच्या अमावास्येला म्हणाले होते."

"म्हणजे अजून दोन आठवडे. आमच्या इस्पितळात या पोरांचं वय त्या दिवसापासून धरतात. या ग्रॅज्युएटानं भिंतभर तक्ता लावलाय, वाटलं तर त्याला विचारा. त्या हिशेबानं तुमची सून अजून बाळंतच झालेली नाही. नववा महिना लागलेली बाई डॉक्टरकडं जात नाही काय? आज जाऊन येऊ. तीन महिने अमावास्येपासून मोजा. मी स्वतः येऊन उंबऱ्याशी बसते, कुणाला ओलांडू देणार नाही."

आजीच्या तोंडाचा एक कोपरा हलला. हसू म्हणावं असं ते नव्हतं. "भय वाटतंय, सिस्टर," ती म्हणाली.

"इरली," अक्का म्हणाल्या. "मलापण वाटतंय."

ज्या रीतीने मला चुकवलं, तिनेच ते दार उघडलं. मी तेव्हा एवढा भ्यालेलो होतो की ही गोष्ट माझ्या लक्षातसुद्धा आली नाही.

परतीच्या बसमध्ये बाळ आईच्या छातीशी, साडीच्या आत बांधलेलं होतं. बाहेर फक्त टोपीचं टोक दिसत होतं. कपाळावर आजीने काजळाचा रुपयाएवढा टिळा लावला होता. मी मागच्या बाकावर बसलो होतो. प्रत्येक खड्ड्याला आजी मागे न वळता काहीतरी पुटपुटायची, जणू तो खड्डाही मीच खणला होता.

डॉक्टरांनी बाळाच्या डोळ्यांत थेंब घातले, अर्धा तास थांबले, मग कपाळाला दिवा बांधून वाकले. पोर किंचाळत होतं. तेवढीशी मुलगी, आवाज मात्र केवढा. डॉक्टर सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "दोन्ही डोळ्यांत आहे. उजव्यात बरं आहे. डावा पुढे गेलाय. आत्ताच लेझर करू."

आत लेझर चाललं होतं तेव्हा आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. मला वाटत होतं, अक्कांनी एकदा तरी म्हणावं, घाबरू नको. आयुष्यात एकदा. त्यांनी पर्समधून कार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"पुढची तारीख लिही. आठवड्यानं."

मी लिहिली. अक्षर वेडंवाकडं आलं.

"कुठल्या दिवसापासून मोजलंस?"

"आजपासून."

"हं. आता जा, अज्जींना कॉफी आणून दे. घेणार नाहीत. तरी आण."

आजीने घेतली नाही.

त्यानंतर आजीने एकही तारीख चुकवली नाही. तीन महिन्यांनी, म्हणजे जन्मायच्या दिवसापासून मोजलेल्या तीन महिन्यांनी, अक्कांनी गौरीला चटईवर निजवलं. तोवर नाव ठेवलं होतं. "नोडु कंदा, नोडु." खोली गप्प झाली. गौरी खिडकीच्या उजेडाकडे बघत होती. गोंडा तिच्यासमोर आला, पण ती खिडकीकडेच बघत राहिली. अक्कांनी गोंडा मागे नेला आणि पुन्हा सुरुवातीपासून आणला. या खेपेला डोळे अडखळले, गोंड्यावर थांबले आणि त्याच्यामागून निघाले. अर्ध्या वाटेत सुटले. तिसऱ्यांदा टोकापर्यंत गेले.

गोंडा कमरेला खोचायला अक्कांना दोन-तीनदा प्रयत्न करावा लागला. मी रडलो. आजी पदर तोंडाला लावून उभी होती. तिने अक्कांना सांगितलं, "सिस्टर, त्या ग्रॅज्युएटाला विचारा, पुढची तारीख नीट मोजली काय." मी तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. अक्कांनी गंभीरपणे मला विचारलं, मी उत्तर दिलं, त्यांनी ते तिला सांगितलं. पुढची सगळी वर्षं असंच चाललं. आमच्या तिघांत हा एक रिवाजच होऊन गेला.

डावा डोळा पुरता वाचला नाही. त्याने गौरीला उजेड आणि सावली एवढंच कळतं. उजव्या डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा आहे. त्या तीन आठवड्यांनी काय गेलं आणि त्या एका दिवसाने काय वाचलं, याचा हिशेब मी अजून करतो. त्यात काहीच वजा होत नाही.

अक्का निवृत्त झाल्या त्या दिवशी कुणाला भाषण करू दिलं नाही. गोंडा धुऊन खिडकीला बांधला आणि गेल्या. शनिवार नव्हता. मधूनमधून लष्कर मोहल्ल्यात मी त्यांच्याकडे जायचो, छापखान्याच्या यंत्रांच्या खडखडाटात कॉफी प्यायचो. त्या फक्त तारखेला न आलेल्या मुलांची चौकशी करायच्या. कोण आलं, हे कधी विचारलं नाही. कोण आलं नाही, तेवढंच. दोन वर्षांनी, एका दुपारी, जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत.

पुढच्या बुधवारी गौरीची तारीख होती. आठ वर्षांची, दोन वेण्या, नाकावरून घसरणारा चष्मा. आजी दारातून आत आली आणि नेहमीप्रमाणे माझ्यावरून नजर फिरवून खोलीत अक्कांना शोधू लागली. त्या निवृत्त झाल्यावरही ती आली की अक्का बोलावल्याशिवाय येऊन बसायच्या. दोन वर्षं तसंच चाललं होतं.

मला सांगायचं होतं. आधी काय झालं ते, मग कसं. मी तसंच सांगितलं.

आजी बाकावर बसली. बराच वेळ तिने हातातल्या कार्डाच्या कडा सरळ केल्या. गौरी खिडकीशी जाऊन गजाला बांधलेल्या गोंड्याला मान तिरकी करून, उजव्या डोळ्याने निरखत होती. मी तिची उंची घेतली, वाचन घेतलं, चष्म्याचा नंबर लिहिला. मग पेन हातात धरून तसाच बसलो, कारण तारीख कुणाला सांगायची आणि कुणी कुणाला विचारायचं, हेच कळेना.

आजीने कार्ड माझ्यापुढे सरकवलं आणि सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. आठ वर्षांत पहिल्यांदा.

"भय वाटतं का रे तुला अजून?"

"वाटतं, अज्जी."

"इरली," ती म्हणाली. "तारीख लिही."